सही आधी, मजकूर नंतर

मी खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, पेशाने वकील, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. पाय सुजतात, डोकं शाबूत आहे. आधी मजकूर लिहून मग सही करीत आहे, हेही नमूद करतो, कारण आमच्या कार्यालयात रीत उलटी होती. पक्षकार आला की वकीलपत्राबरोबर चार कोऱ्या कागदांवर त्याची सही घेऊन ठेवायची. "असू द्या, ऐन तारखेला धावपळ नको," असं आम्ही म्हणायचो.

१. दहा वर्षांपूर्वी माझ्या एकुलत्या एका चिरंजीवांनी, तेही वकीलच, अशाच एका कागदावर आमच्या पक्षकार शिंपीणबाईंची दुकानाच्या दाव्यातून माघार टाइप केली. समोरच्या पक्षाशी चिरंजीवांचं आतून साटंलोटं होतं. बाईंचं दुकान गेलं. आमच्याच कार्यालयातली धाकटी वकील गप्प बसली नाही, तिने वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार केली. समितीचा अध्यक्ष मी.

बाई समितीपुढे म्हणाल्या, "साहेब, सही माझीच आहे, पण हे मी लिहिलेलं नाही हो."

"सही तुमचीच ना? मग झालं तर!" एक सदस्य म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो.

निकालाच्या दिवशी मात्र 'मुलाचं प्रकरण आहे' म्हणून मी अगदी नियमाप्रमाणे खुर्ची सोडली, शेजारच्या खोलीत जाऊन बसलो आणि निकाल तिथून मीच लिहून पाठवला: तक्रार खोटी, धाकटीची सनद रद्द. कुंपणानेच शेत खाल्लं. मला स्वतःची किळस येते. घरी मुलाला झापायला गेलो तर तो म्हणाला, "बाबा, सह्या घ्यायला तुम्हीच तर शिकवलंत."

२. कार्यालयाची खोली शिंपीणबाईंना द्यावी. दार रस्त्याकडे आहे, उजेड चांगला येतो. भिंतीवरची माझी सन्मानपत्रं आधी उतरवावीत.

३. काळा कोट कुणालाही देऊ नये. फरशी पुसायलाही तो निरुपयोगी आहे, पाणी शोषत नाही.

४. समितीतल्या सहकाऱ्यांना काही नाही. एकमेकांना सांभाळून घेऊन त्यांनी पुष्कळ मिळवलं आहे. माझ्या शोकसभेत 'निष्कलंक' हा शब्द कुणी उच्चारू नये.

५. त्या निकालाचा माझ्या अक्षरातला कच्चा मसुदा मी जपून ठेवला होता. तो धाकटीला देतो आणि इथेच जोडतो. सनद परत मागायला तिला तो लागेल. नऊ वर्षं ती न्यायालयाच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करते आहे आणि मी तिच्यासमोरून रोज मान वळवून गेलो. जिवंतपणी खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

६. राहतं घर चिरंजीवांना. आधीच्या मृत्युपत्रात ते मी वकील संघाला दिलं होतं, दारावर माझ्या नावाची पाटी लागेल या हौसेने. आताचं हे मृत्युपत्र सिद्ध झालं नाही, तर ते जुनं लागू होईल आणि घर संघाकडे जाईल. तेव्हा चिरंजीवांनी हे स्वतः न्यायालयात दाखल करावं, साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहावं आणि धाकटीच्या देखत शपथेवर सांगावं, की यातलं अक्षर, जोडलेल्या मसुद्यासकट, माझ्या वडिलांचंच आहे.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: त्या निकालाला आज नऊ वर्षं पूर्ण
लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारचे दंतवैद्य (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका (सही)