शंभर टक्के निकालाचे पेढे

भिलाई, सेक्टर चार
ता. १४ जून १९६२

चि. शेषराव यास माय तुळसाबाईचे आशीर्वाद. वि. वि. आमी सारे जिते आहो, तुमची खुशाली कळवजो.

टेक्निकल शाळेच्या फाटकावर बोर्ड लागला, निकाल शंभर टक्के. तुह्या भावाचा, देवरावाचा, फकिरा त्याच शाळेत. म्या म्हटलं, सारेच पास, तं आपलं पोट्टं का बाहेर राहीन? देवरावानं पेढे आणले, म्या घरोघर वाटले. शेजारच्या रंभानं आधी पेढा गिळला, मंग सांगतलं का फकिराचं नाव परीक्षेच्या आधीच काटलं. ड्राइंगात कच्चा होता म्हणे. माराच्या भेवानं तो घरी बोलला नाई, रोज डबा घेऊन तलावावर बसे. त्याले दोन ठेवून देल्या. पण शाळेचं काय? कच्चे तेवढे हाकलले, पक्के तेवढे बसवले, अन् आता सोताचा सत्कार करून घेऊन राह्यले. थू! सर्टिफिकेट नाई तं कारखान्यात अप्रेंटिस कोण घेईन त्याले? तुह्यं रायपूरच्या हापिसात शाळांचे निकाल मोजाचंच काम ना? मंग तुले हे कावून दिसलं नाई?

सुनेले आशीर्वाद. माया आटू देऊ नको.
तुळसाबाई

रायपूर
ता. २० जून १९६२

ती. मायच्या चरणी शेषरावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र वाचून वाईट वाटले, पेढ्यांचे तर फारच. पण माय, यात लबाडी नाही. परीक्षेला बसले किती अन् पास किती, एवढेच आमच्याकडे मोजतात. तीन वर्षांपूर्वी दाखल किती झाले, मधले कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. हेडमास्तरांनी नियम मोडलेला नाही. पुतण्यासाठी मी शब्द टाकला तर साहेबांच्या डोळ्यावर येईल, अन् माझे प्रमोशन तोंडावर आहे. फकिराला सध्या ठेकेदाराकडे लावा.

१ जुलैला, रविवारी, शाळेच्या सत्काराला साहेबांबरोबर येतो आहे. जेवायला घरीच येईन. पाटवडीचा रस्सा कर.

सर्वांस नमस्कार. लेकरावरचा लोभ कमी करू नये.
शेषराव

भिलाई
ता. २३ जून १९६२

चि. शेषराव यास आशीर्वाद, सध्या अर्धाच.

म्या शाळेत जाऊन आली. हेडमास्तर म्हणे, रायपूरच्या हापिसातून एक ओळ आली तं पोट्ट्याले जुलैत परत घेतो, पुढच्या साली परीक्षेले बसवतो. एक ओळ, शेषराव. तेवढ्यानं तुह्या प्रमोशनाले ताप येते का?

नियम मोडला नाई म्हणतं. अरे, मेलेले सोडून मोजले तं पटकीच्या साथीत आपलं गावही शंभर टक्के जितं राह्यलं. मसणवटीत जागा पुरली नाई ते वेगळं. ठेकेदाराकडे तुह्या पोराले लाव आधी, मंग माह्या नातवाचं सांग.

रविवारी ते ओळ घेऊन येशीन तं रस्सा करीन. नाई आणली तं साहेबाच्याच पंगतीले बस. मलेही तुमची रीत जमते. कोणी विचारलं का तुळसाबाई, पोरं कसे निघाले, तं तुह्यं नाव आधी काटीन अन् सांगीन, सारे चांगले निघाले.

लोभ ठेवाचा का नाई, ते रविवारी पाहू.
तुळसाबाई