गोपालने मागितलेली काठी

मी, महिपत चंपतराव वाढई, वय बहात्तर, धंदा सुतारकाम, राहणार बाजारहत्नूर, जिल्हा आदिलाबाद, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, माझ्या मर्जीने लिहवून घेतो. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर, मागची पडवी आणि नाल्यापलीकडचे दोन एकर सून सुनयना हिच्या नावे करतो. माझा एकुलता मुलगा गोपाल सोळा वर्षे फौजेत होता. बर्फातल्या चौकीवर डाव्या पायाची बोटे गमावून २०१८ साली तो नाईक म्हणून घरी आला. वर्षभरात गेला. सुनयना माहेरी गेली नाही, माझ्याजवळ राहिली.

२. सुकवलेले सागवान, लाकूड तासायचे वाकस, रंधे आणि कोरणीच्या सर्व पटाश्या नात पूनम हिला. मुलीच्या हाती पटाशी कशाला, असे विचारणाऱ्यांनी तिने कोरलेली रामाजी हवालदारांची काठी पाहावी.

३. निवृत्त फौजी कोणत्याही गावचा असो, पूनमने त्याला काठी कोरून द्यावी. मुठीखाली नाव, पलटण, नोकरीची वर्षे. मोबदला घेऊ नये. आधी त्याला चार पावले चालायला लावावे, कोणत्या पायावर भार देतो ते पाहावे, मगच लाकूड निवडावे. अशा एकेचाळीस काठ्या मी दिल्या. मावला गावात माझा सत्कार झाला, शाल मिळाली. ती माझ्या प्रेतावर घालू नये. कारण आजवर कोणाला सांगितले नाही, ते इथे सांगतो.

घरी आल्यावर महिन्याभराने गोपाल पडवीत आला. म्हणाला, "बाबा, मले एक काठी करून द्या. ओल्यात पाय धरत नाही."

मी रंधा थांबवला नाही. "काठी म्हाताऱ्याले लागते. नीट चाल. लोकं पाहून राह्यले."

त्याने पुन्हा मागितली नाही. पुढच्या श्रावणात शेतातून येताना नाल्यातल्या दगडावर त्याचा पाय घसरला, डोके आपटले. मला त्याच्या पायाची लाज वाटली होती. तेराव्यानंतर मी दुसऱ्यांच्या काठ्या करायला बसलो. लोक त्याला सेवा म्हणतात. गोपालच्या नावाचे लाकूड तीनदा हातात घेतले, तीनदा ठेवून दिले.

४. भाऊ चंदन तेराव्याच्या पंगतीत म्हणाला, "फौजी म्हणे, अन् मेला नाल्यात." त्याने मला खांदा देऊ नये.

५. वरील मजकूर हर्षदीप गुरुजींनी वाचून दाखवला तेव्हा सुनयना दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

ती म्हणाली, "मले माहीत होतं, मामाजी. त्यायनं त्याच दिवशी सांगतलं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बाबाले काही म्हणू नको, म्हणे ते."

सहा वर्षे हे पोटात ठेवून तिने मला दोन वेळचे ताट वाढले. हेही यात असावे, असे मी गुरुजींना सांगितले.

सही: महिपत चंपतराव वाढई

साक्षीदार:
१. रामाजी दुर्गे, निवृत्त हवालदार
२. हर्षदीप भगत, शिक्षक (मजकूर लिहिणार)

मुक्काम बाजारहत्नूर, दिनांक २३ नोव्हेंबर २०२५