सव्वाशेरचा नवा पंखा

९ मार्च २०२५, रविवार

विष्णूने बोटीचा पंखा ऑर्डर केला. मला विचारलं नाही, कळवलं. तेही गाडी चालवता चालवता, स्पीकरवर. अकरा वर्षं बोट निम्मी त्याची, निम्मी माझी. नाव सव्वाशेर, बोटी बांधून ठेवतात त्या मरिनाच्या ऑफिसात 'सॅव्ही शेअर' म्हणतात. शेअर कसला! निर्णय सगळे त्याचेच.

हा म्हणे हाय-एफिशियन्सी प्रॉपेलर. पात्यांना टोकंच नाहीत, प्रत्येक पातं जिलबीसारखं वळून परत मुळाशी येतं. पंधरा टक्के पेट्रोल वाचतं, थरथर कमी, आवाज कमी. किंमत चार हजार तीनशे पौंड. आत्ता आहे तो साधा ॲल्युमिनियमचा, एकशे ऐंशीला घेतलेला.

"जुन्याचं पिच किती रे?" म्हणाला. पिच म्हणजे पंखा एका फेरीत बोट किती इंच पुढे ढकलेल ते. मी सांगितलं. शेजारी बसून तनू, त्याची मुलगी, मोबाईलवर ऑर्डर भरत होती. मग वर म्हणतो, "पैसे सगळे मीच भरतो. हौस माझी आहे."

हौस म्हणे. साउथहॅम्प्टनला मोठा भूलतज्ज्ञ, त्याला हौस परवडते. मी म्हटलं, निम्मे माझे, नेहमीसारखे. फोन ठेवल्यावर आठवलं की दोन हजार पौंड आणणार कुठून.

१० मार्च

नोकरी जाऊन आज पाच आठवडे. रोज सकाळी आठला लॅपटॉप घेऊन बेसिंगस्टोकच्या लायब्ररीत जाऊन बसतो. सत्तावन्नाव्या वर्षी अर्ज भरतोय आणि मुलाखत घेणारी पोरं मला विचारतात, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता.

नीना, माझी बायको, म्हणते, "विष्णूला तरी सांगून टाक. तो काय परका आहे का?" परका नाही म्हणूनच नाही सांगायचं. तो आधी चुकचुकेल, मग मदत करेल, आणि ती मदत जन्मभर माझ्या मानगुटीवर बसेल. त्याला कळायलाही नको. नीनाला शपथ घातली आहे.

२२ मार्च, शनिवार

बसून आकडे मांडले. आम्ही बोट वर्षात चाळीस तास चालवतो. फार तर आठशे लिटर पेट्रोल. पंधरा टक्के वाचलं तरी वर्षाला दोनशे पौंडसुद्धा नाहीत. म्हणजे पंख्याची किंमत निघायला बावीस-तेवीस वर्षं. तोवर मी ऐंशीचा, आणि इंजिन भंगारात. रोज माणसं वाहणाऱ्या फेरीबोटवाल्याने असला पंखा घ्यावा, त्याला परवडेल. वर्षातून पंधरा रविवार वाइट बेटापर्यंत जाऊन चिप्स खाऊन येणाऱ्यांनी कशाला?

विष्णूला पाठवलं. उत्तर आलं — "सगळं काय आकड्यांत बसवायचं असतं का रे?"

ज्याच्या खात्यात आकडे असतात त्याला हे सुचतं.

२३ मार्च

शेवटी ठरलं. साठ दिवसांत पंखा परत घेतात, पाण्यात घातलेला असला तरी. दोन्ही पंखे लावून टेस्ट घ्यायची. फायदा दिसला तर मी निम्मे पैसे निमूट देईन. नाही दिसला तर पंखा परत. विष्णू पुन्हा म्हणाला, "अरे, मी भरतो ना." मी म्हटलं, भीक नको. जरा जास्त झालं. पण बोललो.

१३ एप्रिल

पंखा आला. दिसायला सुंदर आहे, हे लिहायलाही राग येतो.

२६ एप्रिल, शनिवार

टेस्ट झाली. हँबल नदीतून बाहेर पडून साउथहॅम्प्टन वॉटरच्या खाडीत. आधी जुना पंखा, मग बोट क्रेनने वर घेऊन नवा. दोन्ही वेळा टाकी तेवढीच, माणसं आम्ही दोघंच. भरतीचा फायदा-तोटा नको म्हणून प्रत्येक फेरी जाऊन-येऊन. नीट केलं सगळं. हे तरी मला नीट जमतं.

जुन्यावर बोट सहा सेकंदांत पाण्यावर उचलली जाऊन पळायला लागते. नव्यावर नऊ! टॉप स्पीड दीड नॉट कमी. पेट्रोल वाचलं जेमतेम तीन टक्के. थरथर कमी होती, ते खरं. इंजिन मात्र धापा टाकत होतं, मिनिटाला पाच हजार तीनशे फेऱ्यांच्या वर जाईना. जुना पंखा सहज पाच हजार नऊशेला जायचा.

विष्णू म्हणाला, "काहीतरी गडबड आहे रे."

"गडबड किमतीत आहे," मी म्हटलं. पंचवीस वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदा मी त्याला गप्प बसवलं. येताना ट्रेनमध्ये एकटाच हसत होतो. समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

२७ एप्रिल

आज लायब्ररीत जातानासुद्धा बरं वाटलं.

१० मे, शनिवार

पंखा उतरवून घ्यायला मी एकटाच गेलो. विष्णूची ड्यूटी होती. पुसून खोक्यात ठेवताना मुळाशी कोरलेला आकडा दिसला. पिच एकवीस.

आपला एकोणीस आहे.

दोनदा पुसून पाहिलं. एकवीसच. दोन इंच जास्त! इंजिन धापा टाकणार नाही तर काय करेल? चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी दामटावी तसं झालं होतं. माझी सगळी टेस्ट, ते जाऊन-येऊन, ते सेकंद मोजणं, सगळं कचऱ्यात.

हे कसं झालं तेही लगेच कळलं. तनू सात वर्षांची असताना रविवारच्या मराठी वर्गात तिला आकडे मीच शिकवायचो. मी एकोणीस म्हटलं की ती एकवीस लिहायची. "काका, एक अँड वीस, ट्वेन्टी-वन ना?" वीसला एक कमी असलं उलटं मोजणं इथल्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही. सगळा वर्ग तेच लिहायचा. मी हसायचो. त्या दिवशी फोनवर मी 'एकोणीस' म्हटल्यावर तिने मधेच विचारलंही होतं, "ट्वेन्टी-वन, काका?" आणि मी 'हं' म्हटलं. कान फोनला, डोकं दोन हजार पौंडांत.

सांगितलं तर ते एकोणीसचा बदलून देतील. पुन्हा टेस्ट. आणि कदाचित खरंच पंधरा टक्के वाचतील.

खोकं बंद करून टेप लावली.

११ मे

सांगितलं नाही. नीनालाही नाही.

१२ मे

एवढं काय मोठं पाप? एकोणीसचा असता तरी बावीस वर्षं लागलीच असती. माझं म्हणणं बरोबरच आहे, पुरावा तेवढा खोटा. असं मनाशी दिवसभर म्हणतोय आणि स्वतःचीच लाज वाटतेय.

१७ मे

खोकं कुरिअरला दिलं. विष्णू सोबत होता. उघडून बघतो का, म्हणून माझा जीव खालीवर. त्याने हातही लावला नाही. "गेली ब्याद," एवढंच म्हणाला. कॉफीचे पैसे मी दिले.

१ जून, रविवार

रीडिंगला मंडळाचं स्नेहसंमेलन. जेवताना विष्णू दहा जणांसमोर म्हणाला, "पुष्करचं ऐकायला हवं होतं मी. महागडे पंखे म्हणजे शुद्ध फसवणूक. याने आकड्यांनिशी दाखवून दिलं." लोकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. दोघांनी तर टेस्ट कशी घेतली तेही विचारलं. मी सविस्तर सांगितलं.

याच क्षणाची वाट मी इतकी वर्षं पाहत होतो, आणि आला तेव्हा हातात काहीच नाही. आणि राग कुणाचा, तर विष्णूचा! इतक्या सहज हरायला काय झालं होतं त्याला?

८ जून

तनूचा फोन. रडत होती. "काका, सॉरी. तुम्ही नाइन्टीन बोलले होते, मी ट्वेन्टी-वन टाकली. टेस्टच्या नेक्स्ट डे इनव्हॉइस बघून बाबांना सांगितली मी. बाबा म्हणाले, पुष्करला बोलू नको. त्याचा जॉब गेली आहे, बाबांनी फेब्रुवारीतच तुमची ऑफिसला फोन केली होती. तो स्वतः सांगेल तेव्हा सांगेल. तोपर्यंत त्याला जिंकू दे."

मी म्हटलं, "इट्स फाइन, तनू."

"यू आर सो काइंड, काका," म्हणाली.

तो आकडा मीही वाचला होता, हे तिला सांगता आलं नाही.