आत एकच बाई

नवीन जालना
१९ ऑगस्ट

चि. निखिल,

आशीर्वाद. इकडे ठीक आहे. भार्गवीला नववा लागला, पाय थोडे सुजलेत, डॉक्टरीणबाई समाधानी आहेत. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर तू 'हो आई, हो आई' म्हणत मागे टाइप करत असतोस.

तुझ्या विमा कंपनीचा नकार पोचला. बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देणारी, कळा सोसायला मदत करणारी, त्याचं शिक्षण घेतलेली बाई, जिला तुम्ही डूला म्हणता, ती म्हणे 'वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही'. म्हणून सालेहाचा खर्च विम्यात बसत नाही. वातानुकूलित खोली मात्र बसते. भिंतीवरचा टीव्ही खोलीच्या भाड्यात, म्हणजे तोही आवश्यक. कळा येताना बाई बातम्या पाहते, असा तुमचा अभ्यास दिसतो. 'आवश्यक नाही' हे वाक्य ज्याने रचलं, त्याला दाढ काढायला जातानासुद्धा बायको सोबत लागत असणार.

आणि तू त्याच ऑफिसात बसून मला सांगतोस, "आई, नियम सगळ्यांना सारखा." बँकेत जन्म गेला माझा, नियम मला शिकवू नकोस. कॉन्व्हेंटात सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण डोळ्यांत बघून मारायच्या. तुम्ही लोक 'सविनय कळवण्यात येते की' म्हणून मारता.

वर तुझी सूचना : "तिथल्या दवाखान्यात आत एकाच बाईला सोडतात ना? मग तूच जा. फुकटात होईल." फुकटात हा शब्द तुझा. भार्गवीला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरी. तेव्हा आत सासूच जाणार, हे सगळ्या गल्लीने ठरवलं होतं. मीही तेच धरून चालले होते.

रविवारी सालेहा सराव घ्यायला आली. भिडस्त वगैरे अजिबात नाही. आल्या आल्या तिने माझी खुर्ची हलवली, मग माझ्या चहाला "पानी" म्हणाली. मी म्हटलं, मला करून बघू दे. भार्गवीचा हात धरला आणि सुरू केलं, "श्वास घे. सोड. नीट घे! लक्ष कुठे आहे?"

सालेहा म्हणाली, "मॅडम, बाळंतपण करून राह्यलात का कॅशियरची झडती घेऊन राह्यलात?"

भार्गवी पोट धरून हसली. मागच्या वर्षानंतर मी तिला हसताना प्रथमच ऐकलं.

मागच्या वर्षाबद्दल आपण तिघंही बोलत नाही. आज मी लिहिते. पुण्याच्या त्या हॉस्पिटलात ती आत एकटी होती. तू बाहेर लॅपटॉपवर लोकांचे दावे निकाली काढत होतास. बाळ गेलं, हे तिला कुणा अनोळखी माणसाने सांगितलं, तेव्हा धरायला हात नव्हता. बाळ वाचलंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हातही नसावा, असं कुणी म्हणालं नव्हतं.

रविवारीच संध्याकाळी मेथी निवडता निवडता, वर न बघता ती म्हणाली, "आई, रागावू नका. आत सालेहाताईच असू द्या."

"आणि मी?"

"तुमच्यासमोर मला शहाण्यासारखं वागावं लागेल. निखिलसमोरही. मला ओरडायचंय हो."

मी उठून कुकर लावला. लावायची काही गरज नव्हती.

तेव्हापासून मी तुझ्या कंपनीला शिव्या देत घरभर फिरते आहे. त्यातल्या काही शिव्या कंपनीच्या वाट्याच्या नव्हत्या, हे माझं मला कळतं. पण ज्या आहेत त्या आहेत. एकही परत घेत नाही.

तर, आत सालेहा जाणार. तिचं काय द्यायचं ते माझ्या पेन्शनमधून देईन. कंपनीपुढे पुन्हा हात पसरू नकोस आणि माझ्या वतीने आभारही मानू नकोस. रजा टाक आणि ये. लॅपटॉप तिकडेच ठेव.

भार्गवी तुला आत बोलावणार नाही. मलाही नाही. प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर एक लोखंडी बाक आहे, मी बघून आले. टोचतो. तिथे तिचं ओरडणं स्पष्ट ऐकू येईल. ते ऐकायचं. उठून जायचं नाही, फोन काढायचा नाही, आणि दार ठोठावून "अजून किती वेळ?" विचारायचं नाही. मी विचारायला लागले तर मला धरून बसव.

बाहेर तुझ्या शेजारी बसणारी,
आई