ओठांतल्या टाचण्या

३ मार्च

दाढ भरायला गेले आणि भलतंच निघालं. दातांची डॉक्टर म्हणाली, "जीभ बाहेर काढा." काढली. "अजून." अजून कुठून आणू? खालच्या ओठापलीकडे ती कधी गेलेलीच नाही. मग तिनं आरसा धरला. जिभेखालचा पडदा – आखूड, जाड, पार टोकापर्यंत चिकटलेला. जन्मापासूनचा. दाढेत अडकलेलं म्हणूनच निघत नाही, मानही कदाचित त्यामुळेच आखडत असेल, म्हणाली.

चाळिशी उलटली. आजवर घरचेदारचे म्हणत आले, हिची जीभ जड आहे. जड कसली, बांधलेली होती बिचारी!

५ मार्च

दिवसभर कोटाच्या बाह्या आखूड केल्या. टेलरिंगच्या धंद्यातली एक सोय – ओठांत टाचण्या धरल्या की गिऱ्हाईक उत्तराची वाट बघत नाही. कधी कधी गरज नसतानाही मी दोन धरून ठेवते.

बोलायचं ते घरी, बाबांशी. कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले, त्याला सहा वर्षं झाली. ते ओठ वाचतात. गिऱ्हाईक "काय?" म्हणतं, धाकटी बहीण "अगं, नीट बोल ना" म्हणते. बाबा कधीच काही म्हणत नाहीत. संध्याकाळी मी सगळं सांगते – मालकीणबाईंची कुरकुर, मशीनचा पट्टा, मनात सलणारं काहीबाही. ते माझ्या तोंडाकडे बघत मान हलवतात. "हो हो. बरोबर आहे तुझं." जगात एक माणूस मला पुरता समजतो. पुष्कळ झालं.

९ मार्च

ऑपरेशन छोटं. जिभेखाली भूल, पडदा कापायचा, दोन-चार टाके, त्याच दिवशी घरी. सगळ्यांनाच लागत नाही, काहींचं नुसत्या व्यायामावर भागतं. माझा फारच घट्ट. आणि कापलं की झालं असंही नाही – आधी व्यायाम, नंतर व्यायाम, नाहीतर जखम भरताना पुन्हा चिकटायचा.

स्पीच थेरपिस्ट बाई हसऱ्या आहेत. म्हणाल्या, "तुम्ही तोंड न उघडताच बोलता. जीभ कुणाला दिसू नये म्हणून ओठ मिटायची सवय लागलीय. आता सगळं नव्यानं बसवू."

बाबा माझे हेच ओठ वाचतात. हे बदलले तर?

११ मार्च

बाबांना विचारलं, करू का?
"हो हो."
की नको करू?
"बरोबर आहे तुझं."
मुरलेला माणूस! निर्णय माझ्यावरच सोडला.

२० मार्च

झालं. दुखलं त्यापेक्षा भीतीच जास्त होती. तोंडात कापूस घेऊन घरी आले तर बाबांनी दारातच विचारलं, "दाढ काढलीस?" इतके दिवस सगळं सांगितलं आणि वर ही थट्टा. मला हसताही येईना. त्यांनी दूध गार करून दिलं आणि मी ते पिईपर्यंत समोर बसून राहिले.

२६ मार्च

व्यायाम म्हणजे – उचलली जीभ, लावली टाळ्याला! आजवर हे तोंडाळ माणसांना ऐकवलं. आता आरशासमोर तेच करते, तेही डॉक्टरी सल्ल्यानं. आज तिचं टोक पहिल्यांदा वरच्या ओठाला लागलं. उगाच डोळे भरून आले.

३ एप्रिल

बाबा आता मान हलवत नाहीत. मी बोलते आणि ते नुसते टक लावून बघतात, कपाळाला आठ्या. दुकानात लोक म्हणतात, किती स्पष्ट बोलायला लागलात. काय करायचंय ते स्पष्ट?

४ एप्रिल

आज घरात शिरताना ओठ पूर्वीसारखे मिटून घेतले. बाबांनी लगेच मान हलवली. "हो हो." जीव भांड्यात पडला.

११ एप्रिल

थेरपिस्ट बाई रागावल्या. "जीभ पुन्हा आळसावलीय. घरी कशा बोलता?" सांगितलं नाही. ते कळलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

१४ एप्रिल

एका गिऱ्हाइकानं कोटाचं माप स्वतःच चुकीचं दिलं आणि मलाच सुनावलं. मी टाचण्या ओठांतून काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि त्याला सरळ उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा! घरी येऊन बाबांना सांगताना इतकी रंगले की ओठ मिटायचं विसरले. तोंड उघडं, हातवारे, सगळंच.

बाबांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "परत सांग." मी उठून स्वयंपाकघरात गेले. गमावलं मी त्यांना.

१५ एप्रिल

सकाळी त्यांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "तो कोटवाला पुढे काय म्हणाला?"

मी हातातली पर्स खाली ठेवली.

"काल कळलं मला, तू काय बोलतेस ते. सहा वर्षांत पहिल्यांदा. 'काय?' म्हटलं असतं तर तू बोलायचीच थांबली असतीस, म्हणून नुसता हो म्हणत होतो."

दुकानात उशिरा गेले. सहा वर्षांचं सांगायचं होतं.