दोन खेपा

मंगळवार, ४ मार्च

अहो,

आज कपडे धुतले. दुपारी तुमच्या डिलिव्हरीच्या गाडीवरचे ड्रायव्हर भाऊजी येऊन गेले.

तुमचे साहेब म्हणतात, जिन्यावरून पडून तुमचा जीव गेला तो तुमच्याच बेफिकिरीने. खोकी दोन खेपांत न्यायचा नियम होता म्हणे. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आम्ही सगळेच हनुवटीपर्यंत रचून नेतो. पायरी दिसत नाही, पायाने चाचपायची. दोन खेपा केल्या की हेच साहेब विचारतात, जिन्यात झोपला होतास का?" उद्या ते हे साहेबांच्या तोंडावर सांगणार आहेत, नोकरी गेली तरी. तुम्ही असता तर त्यांना अडवलं असतं. मी नाही अडवलं.

घरीसुद्धा तुम्ही तसेच. बाजारातून सगळ्या पिशव्या एकदम आणायच्या आणि दार पायाने वाजवायचं.

"हात नाहीत का?" मी आतून ओरडायचे.

"आहेत की. रिकामे नाहीत."

मघाशी किराणा आणला. अर्ध्या पिशव्या वर आणून ठेवल्या आहेत. उरलेल्या आणायला आता खाली जाते.

तुमची,
दार उघडणारी