अकरा दिवस गैरहजर

रविवार, चौदा तारीख
सकाळचे साडेनऊ

प्रिय ताई,

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आता चांगला वाकतो. काल ती एकटीने जिना उतरली आणि शेजारच्या काकूंना ऐकवून आली, "बघा, तुमच्याआधी खाली." पिल्लूच्या दप्तराचा बंद शिवून झाला आहे. दुपारी आप्पा ते दप्तर घेऊन तुझ्याकडे येतील, त्यांच्याच हाती हे पत्र.

फोन करायचा सोडून पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर माझ्या तोंडून पुन्हा तेच निघेल, जे बुधवारी निघालं.

बुधवारी चहा गाळता गाळता तू विचारलंस, "काय बालिष्टर, बाटल्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. जाऊ की गोदामातच राहू? तू मुख्य ऑफिसात बसतेस, तुला जास्त कळतं." मी म्हटलं, "घरी ऑफिसचा विषय नको गं." तू हसलीस. "बरं बाई, राहिलं. इथल्या बायका तरी ओळखीच्या आहेत. मंगळवारी जाऊन त्यांना नाही म्हणून येते."

मी चहा प्यायले आणि निघाले.

हा नियम माझाच. नोकरी लागली तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता: या कंपनीत आपले कोणी नातेवाईक आहेत का? मी 'नाही'वर खूण केली. घरातली पहिली पदवी, ती ताईच्या वशिल्याने कामाला आली असं कोणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "गोदामातल्या बाईचा कसला वशिला, वेडे?" पण पाळलंस. वार्षिक कार्यक्रमात समोरासमोर आलो तर माझ्याकडे परक्यासारखं बघून पुढे गेलीस, आणि मागे वळून डोळा मारलास. मला तेव्हा आपल्या दोघींचा अभिमान वाटला होता.

महिन्यापूर्वी आम्हा चौघांना एका वेगळ्या खोलीत बसवलं. काचांना आतून कागद लावलेले. दारात टोपली, तिच्यात फोन टाकून आत जायचं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "इथलं बोलणं इथेच. घर बाहेर ठेवून यायचं." मला ते पटलं. कामाची माणसं अशीच असतात, असं वाटलं. बाहेर काही बोलणार नाही, अशा कागदावर सही केली.

गोदामात पॅकिंगची यंत्रं येणार आहेत. कोण राहणार आणि कोण जाणार, ते आम्ही ठरवत होतो. नावं नव्हती, नुसते क्रमांक. किती वर्षं, किती चुका, किती गैरहजेऱ्या. बेरजा तपासायचं काम माझं.

तुझा क्रमांक मला पाठ आहे. तुझ्या डब्यावर नेलपॉलिशने लिहिलेला. तिसऱ्या दिवशी तो समोर आला. तुझ्या चुका सगळ्यात कमी होत्या. गैरहजेऱ्या अकरा. दहाच्या वरचे सगळे जाणार, असं ठरलं होतं.

ते अकरा दिवस कुठले, ते तुला ठाऊक आहे. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात तू बसली होतीस. मी म्हटलं होतं, "ताई, माझं काम अर्ध्यात सोडण्यासारखं नाही, तू बघ ना." मी रजा मागितलीच नव्हती. मागितली असती तर मिळाली असती की नाही, हेही मला माहीत नाही.

मी त्या ओळीपुढे 'बरोबर' अशी खूण केली. बेरीज खरंच बरोबर होती.

त्याच वेळी उठून 'ही माझी बहीण आहे' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं असतं तर फॉर्मवरचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून बसून राहिले. मग बुधवारी तू विचारलंस, तेव्हाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता नोटीस लागेल. मंगळवारी कारखान्यात जा आणि हो म्हणून ये. भाऊजींना विचारत बसू नकोस.

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. परत काढलं. यादीत एकोणचाळीस जणी आहेत. बाकीच्यांच्या बहिणी त्या खोलीत नव्हत्या. तुला एकटीला सांगितलं, तर ज्याला मी एवढी घाबरत होते तो वशिला हाच. तपासून तपासून पाठ झालेले सगळे क्रमांक मागच्या पानावर लिहून दिले आहेत. उद्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखव. कोणी विचारलं कुठून कळलं, तर हे अक्षर दाखव.

मी उद्या नऊ वाजता मॅडमकडे जाऊन आधीच सांगणार आहे, तुझंही आणि पत्राचंही. संध्याकाळी माझी नोकरी असेल असं धरून चालू नकोस. आईला अजून काही बोलले नाही. आप्पांना वाटतंय, पाकिटात पिल्लूच्या शाळेचे कागद आहेत.

माझ्यावर रागवायचं असेल, तर रागव. पण मंगळवारी जा.

तुझी सख्खी बहीण
(हे आता ऑफिसातही)